सर्व्हो बदलण्याआधी तार पाहा: छोट्या इलेक्ट्रिक विमानाचे लिंकेज

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंखांची लांबी एक मीटरच्या आसपास, उडतेवेळचे वजन ६००-७०० ग्रॅम, नऊ ग्रॅमचे सर्व्हो (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिमोटने उडवायचे फोमचे विमान. एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीचा) सर्व्हो पोटात आहे आणि तिथून शेपटीपर्यंत १ मिमीची तार साधारण ३५० मिमी मोकळीच जाते. सर्व्होकडे झेड-बेंड (तारेचे Z आकारात वाकवलेले टोक), एलेव्हेटरच्या हॉर्नला (तार जोडायच्या उभ्या तुकड्याला) ग्रब स्क्रूचा लिंकेज स्टॉपर, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने तार दाबून धरणारा जोड. हॉर्न एलेव्हेटरच्या खालच्या बाजूला. सावकाश उडवताना काही तक्रार नाही. वेगात खाली आणून वर काढताना मात्र विमान नाक उचलायला उशीर करते, आणि दर दोन-चार उड्डाणांनंतर ट्रिम (सरळ उडण्यासाठी जुळवलेली एलेव्हेटरची मधली जागा) बदललेला सापडतो. मोठा सर्व्हो लावावा, जाड तार घ्यावी की कार्बन रॉड? आणि सांधे पक्के कसे करावेत?

सर्व्हो बदलू नका. यात दोन वेगळे दोष आहेत आणि ते एकत्र दिसत असल्यामुळे संशय सर्व्होवर जातो. पहिला दोष असा की एलेव्हेटर वर घेताना तुमची तार ओढली जात नाही, ढकलली जाते, आणि मधोमध धनुष्यासारखी वाकते. दुसरा, शेपटीकडचा सांधा निव्वळ घर्षणावर उभा आहे आणि तो थोडा-थोडा सरकतो. मोठा सर्व्हो लावलात तर तीच तार आणखी जोरात वाकेल आणि तोच सांधा आणखी लवकर सरकेल.

खात्री करून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. आधी प्रोपेलर काढा. हे करायला कधीही कंटाळू नका, टेबलावर चालू झालेल्या मोटरने बोटे गेलेली माणसे आहेत. मग विमान चालू करून एलेव्हेटरची मागची कड दोन बोटांत हलकी धरा आणि दुसऱ्या हाताने ट्रान्समीटरची स्टिक पूर्ण मागे ओढा. नजर एलेव्हेटरवर नको, तारेवर ठेवा. सर्व्होचा आर्म (तार जोडलेला फिरणारा हात) फिरेल, तारेला मधे पोक येईल आणि एलेव्हेटर जागचा हलणार नाही. आता स्टिक पुढे ढकला. या वेळी तार ताठ राहील आणि एलेव्हेटर तुमच्या बोटांतून निसटायला बघेल. एकाच सर्व्होचा एका दिशेला जोर आणि दुसऱ्या दिशेला नाही, असे दिसले की दोष तारेचा हे नक्की.

आता आकडे, कारण त्यांच्याशिवाय हे पटत नाही. नऊ ग्रॅमच्या साध्या सर्व्होचा टॉर्क १.५ किलो-सेंटिमीटरच्या आसपास असतो. आर्मवर ८ मिमी अंतरावरच्या भोकात तार असेल तर तो तिला जवळजवळ १.९ किलोच्या जोराने ढकलू शकतो. तार किती जोरापर्यंत सरळ राहील याचे गणित ऑयलर या गणितज्ञाने १८व्या शतकात करून ठेवले आहे. त्याच्या सूत्राने १ मिमीची पोलादी तार ३५० मिमी मोकळी असेल तर अवघ्या ८० ग्रॅम जोरात वाकू लागते. सर्व्हो १.९ किलो द्यायला तयार, तार ८० ग्रॅमला मान टाकते. आणि ही तार अगदी सरळ असतानाची गोष्ट. पिशवीतून काढताना तिला जरासा बाक आला असेल तर त्याही आधी.

एलेव्हेटरला लागतो किती जोर? ३०० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद एलेव्हेटर २० अंश वळवला, हॉर्नचे भोक बिजागरीपासून १४ मिमीवर आहे, तर माझ्या ढोबळ हिशेबाने सेकंदाला १० मीटर वेगात तारेवर ४०-४५ ग्रॅम येतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे सेकंदाला २० मीटरला १७० ग्रॅमच्या घरात. तुमच्या अनुभवाचा उलगडा इथेच होतो. सावकाश उडताना ४५ ग्रॅम, तार ८० पर्यंत तग धरते, सगळे ठीक. सूर मारल्यावर १७० मागितले जातात आणि तार वाकून मोकळी होते. जमिनीवर एलेव्हेटर छान पूर्ण हलताना दिसतो तो बिनहवेत, त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

याच सूत्रातून उपायही निघतो. वाकण्याचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि मोकळ्या लांबीच्या वर्गाने घटतो. जाडी दुप्पट केली तर सोळापट, मोकळी लांबी तिसऱ्या हिश्श्यावर आणली तर नऊपट. म्हणून त्याच १ मिमीच्या तारेला वाटेत दोन ठिकाणी, समान अंतरावर, आधार दिला की तीच तार ७२० ग्रॅमपर्यंत टिकते. आधार म्हणजे टेफ्लॉनच्या किंवा नायलॉनच्या नळीचे १०-१५ मिमीचे तुकडे, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) भिंतीला चिकटवलेले. तार त्यातून सहज सरकली पाहिजे, पण आजूबाजूला डुलता कामा नये. आणि दोन्ही तुकडे तारेच्या सरळ रेषेत हवेत. आधाराने तार किंचित जरी वळवली तर घर्षण वाढते, मग एलेव्हेटर मध्यावर परत येताना दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबतो आणि विमानाचे नाक सतत वरखाली होत राहते. चिकटवताना तार आत घालूनच ठेवा, सर्व्हो दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा आणि मगच गोंद सुकू द्या.

तुलनेसाठी बाकीचे पर्याय त्याच ३५० मिमीवर मोजू. १.५ मिमीची तार विनाआधार साधारण ४०० ग्रॅम झेलते आणि तिचे वजन ५ ग्रॅमच्या जवळ जाते. २ मिमीचा भरीव कार्बन रॉड विनाआधार पाऊण किलो झेलतो आणि वजन दोन ग्रॅमच्या आत. तुमच्या १ मिमी तारेचे वजन सव्वादोन ग्रॅमच्या खाली आहे. हे दोन-तीन ग्रॅम शेपटीच्या बाजूला पडतात आणि ते तोलायला नाकात आणखी वजन भरावे लागते, म्हणून छोट्या विमानात नुसती जाड तार घालणे मला कधीच पसंत पडले नाही. नवे विमान बांधताना मी डोळे मिटून कार्बन घेतो. तयार विमानात, जिथे तार आधीच आहे, तिथे दोन आधार चिकटवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

कार्बनच्या टोकांचे मात्र नीट करावे लागते. रॉडला भोक पाडता येत नाही आणि वाकवताही येत नाही, म्हणून दोन्ही टोकांना पोलादी तारेचे तुकडे जोडायचे. जोड २५ मिमी लांब ठेवा. रॉड आणि तार दोन्ही सँडपेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, बारीक दोऱ्याने घट्ट गुंडाळा, पातळ सीए ग्लू (झटपट चिकटणारा गोंद) मुरू द्या आणि वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या हीट श्रिंकवर जोड सोडू नका, उन्हात ती सैल पडली की तार आतल्या आत सरकते. तारेचे गुंडाळीत जाणारे टोक काटकोनात एक-दोन मिलिमीटर वाकवून ठेवले तर ते दोऱ्यात अडकते आणि सरकायला वावच राहत नाही. रॉडपासून हॉर्नपर्यंत उघडी तार ३० मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर सगळा कार्बन घालून वाकणारी जागा तीच उरते.

नळीत नळी असलेला नायलॉनचा पुशरॉड वळणावळणाने नेता येतो आणि सर्व बाजूंनी आधार असतो, म्हणून तो वाकत नाही. पण नायलॉन उन्हात लांबतो. अर्ध्या मीटरची आतली नळी तापमान २५ अंशांनी वाढल्यावर सुमारे १ मिमी लांब होते. बाल्साच्या फ्यूजलाजात लाकूड तेवढे लांबत नाही, त्यामुळे हा फरक जवळजवळ पूर्ण एलेव्हेटरवर येतो, आणि १५ मिमीच्या हॉर्नवर तो पावणेचार अंश होतो. सकाळी लावलेला ट्रिम दुपारी चुकतो तो यामुळे. रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीला) चालेल, एलेव्हेटरला मी घालत नाही. बाहेरच्या नायलॉन नळीत पोलादी तार घातली तर हा त्रास बहुतेक जातो.

केव्हलरच्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी ओढण्याची पद्धत घरात उडवायच्या हलक्या विमानांना आणि लांब शेपटीच्या रडरला फार छान बसते, कारण तिथे ढकलण्याचा प्रश्नच नाही. फक्त हॉर्नची दोन्ही भोके बिजागरीच्या रेषेवरच हवीत आणि हॉर्न व आर्मची रुंदी सारखी हवी, नाहीतर वळवताना एक दोरा सैल पडतो किंवा दोन्ही ताणले जातात.

एक गोष्ट विमान बांधणारे बरेच जण पाहतच नाहीत. हॉर्न एलेव्हेटरच्या खाली असेल तर नाक वर उचलण्यासाठी तार ढकलावी लागते. हॉर्न वर असेल तर तेच काम ओढून होते. ओढताना तार वाकूच शकत नाही, ०.८ मिमीची तारसुद्धा सर्व्होचा पूर्ण जोर पेलते. विमानाला सर्वांत जास्त जोराचा एलेव्हेटर लागतो तो वेगात खाली जाताना नाक वर काढायला, आणि तेव्हा चुकीला जागा नसते. म्हणून नवीन बांधणीत जागा असेल तर मी हॉर्न वर घेतो आणि तार फ्यूजलाजच्या वरच्या बाजूने बाहेर काढतो. तुमच्या विमानात हे करायचे ठरवलेत तर ट्रान्समीटरवर तो चॅनेल उलटा करावा लागेल. उडवण्याआधी मागे उभे राहून स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर जातो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. उलट्या एलेव्हेटरने उडालेले विमान वाचत नाही.

भोके कोणती निवडायची? आर्मचे आतले, हॉर्नचे बाहेरचे. उलट करणारे बरेच आहेत: मोठी हालचाल हवी म्हणून आर्मच्या टोकाला तार लावतात, मग जास्त झाली म्हणून ट्रान्समीटरवर ४० टक्क्यांवर आणतात. त्यात सर्व्होचा निम्मा प्रवास वाया जातो, जोर कमी पडतो आणि प्रत्येक सांध्यातला प्ले (ढिलेपणा) मोठा होऊन एलेव्हेटरवर उमटतो. सगळ्या सांध्यांचा मिळून ०.३ मिमी प्ले असेल तर ८ मिमीच्या हॉर्न-भोकावर तो दोन अंशांहून जास्त होतो, १५ मिमीवर एकच अंश. आर्म ८ मिमी आणि हॉर्न १४ मिमी धरले तर सर्व्हो ४५ अंश फिरल्यावर एलेव्हेटर जवळजवळ २४ अंश वळतो. साध्या उडण्याला ते भरपूर आहे. सर्व्होच्या दातांमधला प्लेसुद्धा आखूड आर्मवर कमी दिसतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की सर्व्हो चालू असताना एलेव्हेटरची मागची कड बोटाने हलवून पाहिली तर १ मिमीपेक्षा जास्त डुलता कामा नये. एलरॉनला (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना) थोडे सैल धकते. वेगवान विमानात कुठेच धकत नाही, कारण सैल पृष्ठभाग ठरावीक वेगाला फडफडू लागतो आणि ही फडफड काही क्षणांत बिजागरी फाडून टाकते.

भूमितीबद्दल दोनच गोष्टी. हॉर्नमधले भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर (हॉर्न खाली असेल तर बरोबर खाली) यावे, पुढे-मागे असेल तर वर आणि खाली वळण सारखे होत नाही. आणि मध्यावर आर्म तारेला काटकोनात असावा. त्यासाठी आधी ट्रान्समीटरवरचे ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्य जुळवायची दुसरी सेटिंग) शून्यावर, सर्व्होला वीज देऊन मध्यावर आणा आणि मग आर्म बसवा. आर्म सर्व्होच्या दातेरी दांड्यावर बसतो, त्यामुळे तो एखादा दात पुढे-मागे वाटला तर आर्म उलटा किंवा दुसऱ्या बाजूचा लावून पाहा, एका बाजूने तो जास्त चांगला बसतो. आर्मचा मधला स्क्रू विसरू नका. तो न लावलेला आर्म टेबलावर दिवसभर व्यवस्थित चालतो आणि हवेत निघून येतो.

आता सांधे. ही बाब माझ्या जिव्हाळ्याची आहे, कारण एलेव्हेटरचा सांधा सुटून गेलेले माझे पहिले बरे उडणारे विमान मला अजून आठवते. स्टॉपरची मागची नट मोटरच्या थरथरीने सैल झाली होती. ती नट नंतर गवतात सापडली नाही, विमान सापडले. तेव्हापासून प्रत्येक सांध्याला मी एकच प्रश्न विचारतो: ही पिन बाहेर येऊ नये म्हणून तिला अडवते कोण? उत्तर ‘आकार’ असेल तर ठीक. उत्तर ‘घट्ट आहे म्हणून’ असेल तर तो सांधा एलेव्हेटरवर चालणार नाही.

झेड-बेंड आकाराने अडकतो, म्हणून सर्व्होकडे तो सर्वांत चांगला. तार वाकवायला झेड-बेंडची खास पक्कड मिळते. ती नसेल तर साध्या टोकदार पकडीने दोन काटकोन द्यायचे, मधला भाग आर्मच्या जाडीहून केसभर जास्त. भोक मात्र तारेच्या मापाचे हवे: १ मिमी तारेला १ मिमीचे ड्रिल, हाताने फिरवून. तापवलेल्या सुईने भोक वितळवून मोठे करू नका. ते अंडाकृती होते, कडा ठिसूळ होतात, आणि सगळ्या प्लेची सुरुवात तिथेच होते. भोक आधीच मोठे झाले असेल तर दुसरे भोक वापरा किंवा आर्म बदला, गोंदाचा थेंब टाकून भरू नका.

एल-बेंडवर (एकदाच काटकोनात वाकवलेल्या टोकावर) बसणारी प्लास्टिकची क्लिपही आकारानेच धरते. तार आर्मच्या भोकातून गेली की क्लिप तिच्या टोकावर चढते आणि मागे तारेच्या दांड्यावर टच् आवाज करून बसते. क्लिप तारेच्या मापाचीच घ्या, १.५ मिमीची क्लिप १ मिमीच्या तारेवर बसल्यासारखी वाटते आणि बसत नाही.

हॉर्नकडे, जिथे लांबी जुळवावी लागते, तिथे मी क्लेव्हिस (तारेच्या आट्यांवर फिरवून बसवायचा, पिन असलेला चिमटा) घेतो. त्याचे दोन पाय उघडले तरच पिन निघते, म्हणून सिलिकॉन नळीची ३-४ मिमीची चकती आधी त्यावर ओवून ठेवायची आणि क्लेव्हिस बसल्यावर पायांवर सरकवायची. एवढ्याशा चकतीने जितकी विमाने वाचली असतील तितकी महागड्या रेडिओने वाचली नसतील असे मला मनापासून वाटते. आट्या किमान ६ मिमी तरी आत गेल्या पाहिजेत, आणि आटे कोणत्या मापाचे ते पाहा. एम२ चा आटा २ मिमी व्यासाचा आणि ०.४ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर), अमेरिकन २-५६ चा सुमारे २.१८ मिमीचा आणि ०.४५ मिमी पिचचा. एम२ ची तार २-५६ च्या क्लेव्हिसमध्ये जाते, फिरते, आणि ओढले की सुटते. हाताला अगदी सहज फिरली तर ती जुळत नाही असे समजा. धातूच्या हॉर्नवर धातूचा क्लेव्हिस घासला की जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओत खरखर यायची. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तो त्रास जाणवत नाही, पण नायलॉनच्या हॉर्नला धातूचा क्लेव्हिस आजही अधिक गुळगुळीत चालतो.

लिंकेज स्टॉपर सोयीचा आहे हे मी नाकारत नाही. लांबी जुळवायला एक स्क्रू सैल करायचा की झाले. पण ग्रब स्क्रू तारेला नुसता टेकून धरतो, आणि पियानो वायर (आपली ही पोलादी तार) त्या स्क्रूपेक्षा बहुतेक वेळा कडक असते, त्यामुळे तो तिच्यात रुतत नाही, गुळगुळीत पृष्ठावरून घसरतो. प्रत्येक जोराच्या लँडिंगला अर्धा मिलिमीटर. तुमचा बदलणारा ट्रिम तो हाच. ठेवायचाच असेल तर लांबी पक्की झाल्यावर स्क्रू जिथे टेकतो तिथे कानशीने तारेला छोटी सपाट जागा करा, स्क्रूच्या आट्यांना थ्रेडलॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या द्रवाचा) ठिपका लावा, आणि तारेचे टोक स्टॉपरच्या पुढे ५ मिमी ठेवून काटकोनात वाकवा, म्हणजे स्क्रू सुटला तरी तार स्टॉपरमधून निघून जाणार नाही. मागची नट स्टॉपर फिरू शकेल इतकीच घट्ट करा आणि तिच्यावरही थेंब टाका. थ्रेडलॉक प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. टूथपिकने आट्यांवरच लावा.

बॉल लिंक (गोळी आणि खोबणीचे सांधे) फार छान चालतात, प्ले जवळजवळ शून्य, पण या मापाच्या विमानात तेवढी गरज मला कधी पडली नाही.

सांधे पक्के आणि हॉर्न सैल, असे नको. फोमवर नुसता चिकटवलेला हॉर्न एक दिवस मुळासकट येतो, कारण नायलॉनला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. हॉर्नच्या पायाला दोन-तीन भोके पाडा, सँडपेपर मारा, आणि इपॉक्सी त्या भोकांतून पलीकडे येऊ द्या, म्हणजे ती खिळ्यासारखी धरते. आरपार स्क्रू आणि मागे पट्टी असलेला हॉर्न त्याहून चांगला. हॉट ग्लू लवकर होतो, पण उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानात तो मऊ पडतो. साधा सीए डेप्रॉनसारखा फोम खातो, त्याला फोमसाठीचा वेगळा सीए लागतो. ईपीओ आणि ईपीपी या प्रकारच्या फोमला साधा चालतो. सर्व्होचेही तेच. बोटाने दाबल्यावर सर्व्हो खाचेत हलत असेल तर बाकी सगळी मेहनत तिथे जिरते. सर्व्होला आधी टेप किंवा हीट श्रिंक गुंडाळून मग चिकटवा, म्हणजे पुढे काढता येतो.

शेवटी आवाज ऐका. सर्व्हो मध्यावर किंवा टोकाला गुणगुणत राहिला तर कुठेतरी तार अडते आहे. अडलेला छोटा सर्व्हो अर्ध्या अँपिअरहून जास्त घेऊ शकतो, आणि असे दोन-तीन एकदम अडले तर ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) छोटा बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग, दमतो, व्होल्टेज पडते आणि रिसीव्हर बंद पडू शकतो.

तुमच्या विमानापुरते सांगायचे तर आज एवढे करा. तार तीच ठेवा, तिला दोन आधार द्या. हॉर्नकडचा स्टॉपर काढून टाका. तारेचे टोक हॉर्नच्या थोडे अलीकडे तोडा, एका टोकाला आटे असलेला छोटा तुकडा दोरा आणि सीएने तिला जोडा, त्यावर चकतीसह क्लेव्हिस चढवा. आर्मचे आतले भोक, हॉर्नचे सर्वांत बाहेरचे. मग पुन्हा ती बोटाने धरण्याची चाचणी करा. स्टिक मागे ओढल्यावर एलेव्हेटर तुमची बोटे वर ढकलू लागला आणि तार सरळ राहिली तर सूर मारायला हरकत नाही, पहिला भरपूर उंचीवर. रडरचा स्टॉपर राहू द्या, फक्त टोक वाकवून ठेवा.